लाईनीवर बसलेली माणसं

माझे वडील गेटमन होते. आर्वीकडे जाणाऱ्या छोट्या लाईनीला आमच्या गावाबाहेर एक बैलगाडीचा रस्ता आडवा जायचा. तिथं दोन लोखंडी फाटकं होती आणि फाटकांच्या बाजूला रेल्वेनं बांधून दिलेली एक खोली. त्या खोलीत माय, बाबा आणि मी असे तिघं राहायचो. दिवसाला दोन गाड्या वर जायच्या, दोन खाली यायच्या. इंजिन कोळशाचं, आणि गाडी इतकी हळू की चढावर लोक खाली उतरून बोरं तोडायचे आणि मागच्या डब्यात परत चढायचे.

बाबांचं मूळ गाव केळझरकडचं, घर शेतकऱ्याचं. तिघे भाऊ शेतीत राहिले आणि बाबा रेल्वेत लागले. वर्षातून एकदा केळझरच्या गणपतीला जायचं, यापलीकडे त्यांचं देवधर्माचं काही नव्हतं. अंगात येणं, उतारा टाकणं, असल्या गोष्टींना ते नाक मुरडायचे. दारूला शिवत नसत. गप्पाही फार मारत नसत. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकलं की लोक आधी हेच विचारतात.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी पाचवीत असेन. वैशाखातली दुपार होती. गाडीची वेळ नव्हती, पण उन्हाच्या झळीमुळं रस्ताच ओस पडलेला, म्हणून फाटकं बंदच ठेवली होती. बाबा झाडाखाली बसले होते ते एकदम उठले, दोन्ही फाटकं सताड उघडली आणि बाजूला होऊन उभे राहिले. बराच वेळ तसेच उभे. मग फाटकं लावून परत येऊन बसले.

माय दारातून बघत होती. तिनं विचारलं, "कोनासाठी उघडलं?"

"पायी चालले होते बापडे."

"पायी जानाऱ्याले बाजूनं वाट हाय ना?"

"डोक्यावर गाठोडे होते, कडेवर लेकरं होते. त्या फटीतून कसे जातीन?"

माय रस्त्यावर गेली. मीही तिच्या मागं गेले. दोन्हीकडे लांबवर रस्ता दिसत होता आणि त्यावर चिटपाखरू नव्हतं. माय परत आली आणि तिनं कैरीचं पन्हं केलं. "ऊन लागलं तुमाले," म्हणाली आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक कांदा टाकला. बाबा पन्हं प्यायले, कांदाही त्यांनी खिशात राहू दिला. ऊन लागलेला माणूस जसा दिसतो तसे मात्र ते दिसत नव्हते.

पुढं हे अधूनमधून होऊ लागलं. कधी महिन्यानं, कधी चार महिन्यांनी. नेहमी दुपारी. बाबा फाटक उघडायचे, थांबायचे, लावायचे. ते कधी घाबरलेले मी पाहिले नाहीत. "भूत" हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा मायनं काढला आणि बाबा तिच्यावर चिडले. "भूत काऊन म्हनतं? मानसं हायेत ते," असं म्हणाले. ते त्यांना "ते लोक" म्हणायचे. आज ते लोक आलते. आज ते लोक थोडे थांबले.

मी एकदा धीर करून विचारलं, "कसे दिसतात ते?"

बाबांनी बाजारात कोण भेटलं हे सांगावं तसं सांगितलं. बायांची लुगडी जाडीभरडी, मातीच्या रंगाची झालेली. हातात बांगडी नाही. पुरुषांच्या अंगावर लंगोटी आणि खांद्यावर घोंगडीचा तुकडा. लेकरांची डोकी मोठी, पाय काडीसारखे. "माह्याकडे पाहत नाई कोनी. चालतात तं आवाज येत नाई, पन धूळ उडते."

"मले काऊन दिसत नाई मग?"

त्यावर त्यांनी बराच विचार केला. "मालूम नाई," म्हणाले.

मला भीती वाटायला हवी होती. पण बाबा इतके शांतपणे बोलायचे की भीती वाटायची ती त्यांच्याबद्दल, त्या लोकांबद्दल नाही. दुपारी शाळा नसली की मी रस्त्याकडे टक लावून बसायची. धूळ उडायची कधी कधी. पण धूळ तर वाऱ्यानंही उडते.

मी सातवीत असताना ती गाडीची गोष्ट घडली. दिवाळी होऊन गेली होती आणि कापसाची वेचणी चालू होती. हवेत गारवा होता, त्यामुळं उन्हाचं निमित्त या वेळी मायजवळ नव्हतं. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा करून मी घरी आले होते आणि दाराच्या पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. दुपारची गाडी येणार म्हणून बाबांनी फाटकं लावली. दोन्ही बाजूंना एकही बैलगाडी थांबलेली नव्हती. लांब धूर दिसला. बाबा हिरवी झंडी घेऊन त्यांच्या जागेवर उभे राहिले.

मग त्यांनी मान वळवून लाईनीवर पाहिलं, जिथं रस्ता रुळांवरून जातो तिथं. हिरवी झंडी त्यांनी खाली टाकली, काखेतली लाल झंडी उलगडली आणि ती हलवत ते गाडीच्या दिशेनं धावत सुटले. "थांबवा! थांबवा!" असं ओरडत होते. बाबांना धावताना मी तेव्हाच पाहिलं, आधी नाही आणि नंतरही नाही.

मी लाईनीकडे पाहिलं. काही नव्हतं. मी इतकं निरखून पाहिलं की त्या जागेवरची खडी, रुळाशेजारी पडलेला गवताचा पेंढा, रुळांखालच्या स्लीपरवरचा तेलाचा डाग हे सगळं मला अजून आठवतं. माणूस एकही नव्हता.

ड्रायव्हरनं ब्रेक लावला. गाडी मुळात हळू, तरी थांबता थांबता फाटकाच्या बरीच जवळ आली. ड्रायव्हर नागपूरकडचा होता, हिंदी बोलायचा. उडी मारून खाली आला. "क्या हुआ? क्या है लाईन पे?"

बाबा त्याच्याकडे पाहतच नव्हते. लाल झंडी त्याच्या बाजूला धरलेली आणि तोंड फाटकाकडे. थोड्या वेळानं त्यांनी हात खाली घेतला. "झालं. उठले. गेले," असं म्हणाले.

"कौन गये?"

"मानसं होते. बायामानसं, लेकरं. लाईनीवरच बसून गेलते."

ड्रायव्हरनं पुढं बघितलं, मागं बघितलं. तोपर्यंत गार्ड आला, त्यानं वहीत वेळ लिहून घेतली. डब्यांतून लोक उतरले होते आणि कोणाला काय झालं ते एकमेकांना विचारत होते. ड्रायव्हर माझ्यापाशी आला. "बेटी, तूने देखा?"

मी म्हटलं, "मी शेंगा सोलत होती."

हे उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं. होय म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर बाबा खोटे. ड्रायव्हरनं हात झटकला आणि इंजिनावर चढला. गाडी निघून गेल्यावर बाबांनी हिरवी झंडी उचलून झटकली, गुंडाळली आणि फाटकं उघडली. माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी थांबली नसती तं?"

चार-पाच दिवसांनी इन्स्पेक्टर साहेब ट्रॉलीवरून आले. ट्रॉली ढकलणारी माणसं सावलीत जाऊन बसली आणि साहेब आमच्या खोलीपुढं खुर्चीवर बसले. माणूस चांगला होता. आमच्या बाजूचा नव्हता, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचा. मायनं चहा केला. मी दाराआड उभी होते.

"हे बघा," साहेब म्हणाले, "लाईनीवर जनावर आलं म्हणून गाडी थांबवली, असं असेल तर विषय इथंच संपतो. गाई-म्हशी रोजच येतात."

"जनावर नोतं साहेब."

"मग काय होतं?"

"मानसं होते."

"कुठल्या गावची?"

बाबा हळू आवाजात म्हणाले, "आताचे नाई ते, साहेब."

साहेबांनी कप खाली ठेवला. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. मग म्हणाले, "तुमची इतकी वर्षं नोकरी झाली. एक चूक नाही. मला सोमवारपर्यंत लेखी जबानी हवी. त्यात तुम्ही हे लिहिलंत तर मला तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवावं लागेल. डोळे तपासतील, डोकं तपासतील. आणि मग गेटवर ठेवता येणार नाही. घरी विचार करा."

ट्रॉली गेल्यावर बाबा म्हणाले, "विचार काय करायचा? जे झालं ते लिहायचं."

लिहायचं म्हणजे मी लिहायचं. बाबा लहानपणी दोन वर्षं शाळेत गेले होते, सही करायचे. पण घरात आलेली पत्रं मीच वाचून दाखवायची आणि उत्तरंही मीच लिहायची. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

रविवारी सकाळी माय मला विहिरीवर घेऊन गेली. घागर भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाय बाई, बाबा सांगतीन ते आइकजो. पन लिहिजो गाय."

"अन् बाबाले समजलं तं?"

"कसं समजन? तू लिहिशीन अन् ते सही करतीन." मग म्हणाली, "ही खोली गेली तं आपन कुठं जाऊ, सांग बरं?"

दुपारी बाबा भिंतीला टेकून बसले आणि मी वहीचं पान फाडून पाटीवर ठेवलं. ते एकेक वाक्य सांगायचे. "दुपारच्या गाडीच्या टाइमले अंदाजे पंधरा-वीस मानसं लाईनीवर बसले होते." मी लिहिलं, दुपारच्या गाडीच्या वेळी एक पांढरी गाय लाईनीवर येऊन बसली. "लिहिलं?" "हाव." "त्याइच्यात बाया होत्या अन् लहान लेकरं होते." मी लिहिलं, हाकलली तरी ती उठेना. "ते थकलेले होते, उठू शकत नोते." मी लिहिलं, गाय म्हातारी व अशक्त होती. "गाडी थांबल्यावर ते उठून गेले." इथं मी फक्त "ते उठून गेले"चं "ती उठून गेली" केलं.

माय चुलीपाशी पाठमोरी बसून भाकरी थापत होती. मला वाटत होतं की माझे कान लाल झालेत आणि बाबांना ते दिसताहेत. त्यांनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवून एकेक अक्षर काढत सही केली.

साहेबांनी जबानी घेतली आणि पुढं काही झालं नाही. डॉक्टर नाही, चौकशी नाही. फक्त दुपारच्या गाडीचा तो ड्रायव्हर आमच्या फाटकाच्या अलीकडून लांब शिटी द्यायचा, गरजेपेक्षा लांब.

पण माझ्या मनात गोंधळ माजला. मी खोटं लिहिलं होतं हे तर खरंच होतं. पण खरं काय होतं ते मला माहीत नव्हतं. बाबांना दिसलं ते खरं मानलं तर मी त्यांना दगा दिला. नाही मानलं तर मी त्यांना वाचवलं, पण मग माझे वडील रिकाम्या लाईनीवर धावत सुटणारे माणूस ठरत होते. दोन्ही मला नको होतं.

गावात एक म्हातारा किराणा दुकानदार होता. घरचा धंदा पिढीजात. दुकान मुलं बघायची आणि हा दारापाशी खाटेवर पडून असायचा. एके दिवशी गूळ आणायला गेले तेव्हा मी त्याला विचारलं, "आबा, लाईन नव्हती तवा आमच्या फाटकापाशी काय होतं?"

"तिथं?" तो उठून बसला. "तिथं चिंचेचं झाड होतं, बाप्पा! केवढं मोठ्ठं! मी नाई पाह्यलं, माह्या बापानं पाह्यलं. मोठा दुकाल पडला होता, तवा वरच्या अंगाचे डोंगरातले लोक त्याच रस्त्यानं खाली येत. चिंचेखाली बसत. माहा बाप ज्वारीच्या कण्या शिजवून नेऊन देत जाय. पन जो बसला तो उठलाच असं नाई. लाईन टाकतानी झाड तोडलं."

मी घरी पळत आले. बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल, निदान आनंद तरी होईल की आपण म्हणतो ते खरं निघालं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असन."

"तुमाले आबानं सांगतलं होतं का हे पयले?"

"मले याद नाई," म्हणाले.

म्हणजे काय ते मला कळेना. बाबा त्या दुकानात वर्षानुवर्षं जात होते, खाटेजवळ बसत होते. ऐकलं असेल, विसरले असतील, आणि मग उन्हात, एकटेपणात तेच दिसू लागलं असेल. असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण दुकानदारानं लहान लेकरांचे काडीसारखे पाय सांगितले नव्हते. आणि एकटेपणा म्हणावा तर आम्ही दोघी तिथंच असायचो.

माझं लग्न झालं आणि मी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला आले. ऐंशीच्या दशकात बाबा रिटायर झाले. माय त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. ते कधी काकांकडे, कधी माझ्याकडे राहायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करून मी त्यांना घरी आणलं. पट्टी होती तोवर मी त्यांना हात धरून फिरवायची, भरवायची. पट्टीमुळंच मला धीर आला असावा. एके दिवशी वरण-भात भरवताना मी म्हणाले, "बाबा, ती जबानी आठवते? मी तुमी सांगतलं ते लिहिलं नोतं."

"मालूम हाय."

"कसं?"

"मले वाचता येते ना," बाबा म्हणाले. "टाइम लागते, पन येते. गाय लिहिली होती तू."

त्यांना भरवायचा घास माझ्या हातातच राहिला. इतकी वर्षं मी एक ओझं वाहत होते आणि त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी विचारलं, "मग सही काऊन केली?"

त्यांनी तोंडातला घास संपवला, पाणी मागितलं. मग म्हणाले, "तू पांढरी गाय काऊन लिहिली?"

"सुचलं ते लिहिलं."

"म्हातारी, अशक्त, असं काऊन लिहिलं?"

"तुमी म्हटलं ना ते लोक थकलेले होते म्हनून. मी त्याचंच गाय केलं."

"होती," बाबा म्हणाले.

"काय होती?"

"गाय. त्याइच्यासंग एक गाय होती. पांढरी, बुड्ढी. तीच पयले बसली लाईनीवर, मग तिच्या भोवतालून ते सारे बसले. एक बाई तिले उठवून राह्यली होती. मी कोनाले सांगतलं नोतं. तुह्या मायलेही नाई. कागद वाचला तं त्यात गायच. म्हटलं, खोटं नाई ना हे. केली सही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. माझं मन हलकं व्हावं म्हणून ते हे सांगत होते का? बाबा तसं करणारे नव्हते, आणि ते तसं करणारे नव्हते म्हणूनच तर सगळा घोळ झाला होता. मग मी तेव्हा पांढरीच का लिहिली? आमच्या गावात पांढऱ्या गाई खूप होत्या, म्हणून. एवढं साधं असू शकतं. पण त्या दिवसानंतर मी डोळे मिटून ती दुपार आठवली की खडी दिसते, गवताचा पेंढा दिसतो, आणि आता रुळांच्या मधे एक गायही बसलेली दिसते. ती मी तेव्हा पाहिली होती की बाबांच्या बोलण्यातून नंतर येऊन बसली, हे मला ठरवता येत नाही. कोणालाच येणार नाही.

डोळे बरे झाल्यावर बाबांनी एकच गोष्ट मागितली. फाटकावर एकदा नेऊन आण म्हणाले. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं गेलो. आमच्या खोलीत आता दुसरं कुटुंब होतं. नवा गेटमन भला माणूस, त्यानं बाबांना काका म्हणून खुर्ची दिली, त्याच्या बायकोनं पोहे केले. दुपारच्या गाडीपर्यंत बसा म्हणाला.

गाडी आली. इंजिन तसंच, धूर तसाच. नव्या गेटमननं हिरवी झंडी दाखवली. बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि रुळांकडे, मग रस्त्याकडे, बारकाईनं बघत राहिले. नव्या डोळ्यांनी त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. गाडी थांबली नाही, निघून गेली.

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "दिसले?"

"कमी झाले," बाबा म्हणाले.

नव्या गेटमननं ते ऐकलं. "काय कमी झालं काका? प्याशिंजर? हाव ना, आता सारे एसटीनंच जातात," असं म्हणून तो फाटक उघडायला गेला. बाबांनी मान हलवली. तो म्हणाला त्याला की माझ्या प्रश्नाला, ते मला समजलं नाही.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. बाबा थोडा वेळ बाहेर बघत होते, मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपले. त्यानंतर दोनेक वर्षं ते जगले. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. त्या दिवशी वर्धा येईपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.